गुलबक्षीचं ठिगळ

डोंगराच्या कुशीत, जिथलं धुकं सकाळ झाली तरी उठायचा आळस करतं, तिथे मुलींची एक शाळा होती. त्या शाळेत सगुणा नावाची मुलगी होती. घरी आणि दारी तिला सगूच म्हणत. सगूकडे एकच झगा होता. संध्याकाळी आई तो धुऊन वाळत घाली आणि सकाळी सगू तो ओलसरच अंगात चढवी. उजव्या काखेत तो उसवला होता, आणि शिवून शिवून तिथलं कापड इतकं विरलं होतं की आता टाकाच धरेना. म्हणून उत्तर येत असलं तरी सगू वर्गात हात वर करत नसे. बाईंना वाटे, पोर लाजाळू आहे.

शाळेची एक रीत होती. काही ठरवायचं झालं की सगळ्या मुली चिंचेखाली जमत, मुलींनीच निवडलेली शाळेची नायिका प्रश्न विचारी आणि हात वर होत. मुलींनी आपलं आपण ठरवायला शिकावं म्हणून बाई नुसत्या बाजूला उभ्या राहत. पण मुली काय करत, ठाऊक आहे? आधी नायिकेच्या हाताकडे बघत, मग शेजारणीच्या, आणि मग हळूच आपला हात उचलत.

त्या वेळी नायिका होती झेलम. चुणचुणीत, हातभर हिरव्यागार बांगड्यांची. एका सकाळी तिने विचारलं, की कुंपणाजवळचा गुलबक्षीचा वाफा काढून तिथे लंगडीसाठी अंगण करूया का. तो वाफा पहिलीतल्या गोदूचा होता. इवल्या इवल्या बोटांनी तिने काळ्याभोर बिया पेरल्या होत्या, आणि त्यांना पाणी घालायचं, त्यांची राखण करायची, असं सगूने तिला कबूल केलं होतं. गोदू बिचारी तापाने घरी निजली होती. सगूच्या ओठांवर 'नको' आलं होतं. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळे हात वर. मग तिचाही हात वर गेला, दुसऱ्या हाताने फाटकी बाही चिमटीत धरून. उत्तर सांगायला जो हात कधी उठला नव्हता, तो नेमका तेव्हा उठला.

दुपारपर्यंत वाफा उपटूनही झाला.

शाळा सुटल्यावर सगूचा पाय घराकडे वळेना. कुंपणाजवळ उपटलेल्या रोपांचा ढीग पडला होता, आणि त्यातून कुणीतरी मुसमुसत होतं. सगूने पानं बाजूला केली. आत बोटाएवढी एक परी बसली होती. तिचे पंख गुलाबी, पिवळे, मधेच शेंदरी ठिपक्यांचे, आणि एका पंखाला चीर गेलेली. तिचं घर त्या वाफ्यातच होतं. सगूने पानाच्या द्रोणातून तिला पाणी पाजलं, डब्यातला भाकरीचा तुकडा कुस्करून भरवला आणि रोपांची मुळं सुकू नयेत म्हणून त्यांच्यावर ओलं पोतं पांघरलं.

"गुणाची गं माझी बाय," परी म्हणाली. "घर मोडणाऱ्या इतक्या जणी, आणि पाणी देणारी तू एकटीच."

तेव्हाच खरं सांगायचं होतं. पण सगू रोपांवरचं पोतं नीट करत राहिली.

परीने तिला दोन इच्छा दिल्या. पहिली मनातल्या मनात मागायची. दुसरी मात्र सगळ्यांसमोर, मोठ्याने. आणि घडलेली गोष्ट कुठल्याच इच्छेने पुसली जाणार नव्हती.

नवा झगा मागता आला असता. आईसाठी लुगडं मागता आलं असतं. पण सगूने डोळे घट्ट मिटले आणि मागितलं, 'माझा हात वर झाला होता, हे कुणालाही आठवू नये.' सोनेरी धूळ लुकलुकत खाली आली, आणि सगू सोडून सगळे खरंच विसरले.

ताप उतरल्यावर गोदू शाळेत आली आणि उघड्याबोडक्या वाफ्यापाशी कितीतरी वेळ उभी राहिली. मग ती धावत सगूकडे आली.

"सगूताई, सगळ्या सांगतात, फक्त तुझाच हात वर नव्हता. मला माहीतच होतं," असं म्हणून तिने आपला अर्धा लाडू सगूच्या हातावर ठेवला. सगूला तो खाववेना. गोदूने रागावून बोलावं, तोंड फिरवावं, ते सोसलं असतं, पण हा लाडू सोसवत नव्हता.

थोड्याच दिवसांत नवी नायिका निवडायची वेळ आली. नायिकेला शाळेकडून नवाकोरा पिवळाधमक झगा मिळे. गोदूने सगळ्यांच्या आधी सगूचं नाव घेतलं. सगूने एकटीने वाफ्याची बाजू घेतली, असंच सगळ्यांच्या मनात होतं, तेव्हा हात भराभर वर झाले. बाईंच्या हातातला तो झगा उन्हात झळकत होता. सगूने तो डोळे भरून पाहिला, आणि मग गोदूचा इवलासा हात पाहिला.

"थांबा," ती म्हणाली. तिने आवाज मोठा केला. "मी दुसरी इच्छा मागते. वाफा काढायला माझाही हात वर होता. तो सगळ्यांना आठवू दे."

आणि तिने तोच हात वर केला. या वेळी बाही धरली नाही. काखेतली फाट सगळ्या शाळेला दिसली.

चिंचेची पानं क्षणभर सोन्याची झाली, आणि मुलींना आठवलं. एकेक हात खाली आला. सगळ्यात शेवटी गोदूचा.

"मग का केलास वर?" गोदूने विचारलं.

"सगळ्यांचा होता म्हणून. मला वाफा मोडायला नको होता, तरी केला."

गोदू बाईंच्या मागे जाऊन उभी राहिली. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं सगूला झालं. पण ती तिथून हलली नाही.

तेवढ्यात झेलमच्या बांगड्या किणकिणल्या. "मलाही ते अंगण तितकंसं नको होतं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "नायिका झाले, तर काहीतरी करून दाखवावं, एवढंच वाटलं. आणि कुणी नको म्हणालंच नाही."

मग सगूने सुचवलं, की यापुढे हात वर करताना सगळ्यांनी डोळे मिटायचे. बाईंना ते पटलं. गोदूचा वाफा पुन्हा लावायचा का, असा प्रश्न बाईंनी विचारला. मुलींनी डोळे मिटले. चिंचेखाली इतकी शांतता कधीच नव्हती.

सगूने हात वर केला. अंधारात तिच्या फाटक्या बाहीला कुणाचीतरी चिमुकली चिमटी लागली. कुणीतरी ती फाट झाकून धरली होती.

"उघडा डोळे," बाई म्हणाल्या. कितीतरी हात वर होते, काही खाली होते, आणि कुणी कुणाला बोल लावला नाही. सगूच्या शेजारी गोदू उभी होती. तिचा एक हात वर होता आणि दुसऱ्या हातात सगूची बाही होती.

नायिका पुढे दुसरीच मुलगी झाली. पिवळा झगा तिला मिळाला.

ओल्या पोत्याखालची रोपं जगली होती. सगळ्यांनी मिळून ती लावली. मग एके दिवशी ऊन कलताना गुलबक्षी उमलली, एकाच झाडावर गुलाबी, पिवळी, ठिपक्यांची. त्यातल्या एका फुलातून परी बाहेर आली. तिचा पंख सांधला गेला होता.

"मागे तुला गुणाची म्हटलं, ती जरा घाईच झाली," ती हसून म्हणाली. "आज म्हणते."

तिने सगूच्या बाहीला हलकेच हात लावला, आणि लख्ख उजेडात परी दिसेनाशी झाली. उजेड ओसरला तेव्हा काखेत एक मऊ ठिगळ होतं, गुलाबी, पिवळं, शेंदरी ठिपक्यांचं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात एक अवघड प्रश्न विचारला. मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. मागच्या बाकावरून एकच हात वर आला, सरळ, खांद्यापासून.