खडकापासून चाळीस हात दूर

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंना अत्यंत प्रिय असलेला जीव पाहायला समुद्रातल्या एका दूरच्या बेटावर गेली. तो जीव म्हणजे एक किडा होता. वीतभर लांब, करंगळीएवढा जाड आणि वाळक्या काटकीच्या रंगाचा. त्याला पंख नव्हते. त्या बेटाखेरीज तो जगात कुठेही नव्हता. असलाच तर शेजारच्या एका झुडपाळ खडकावर. बेटावर त्याला शत्रू कधी भेटलाच नव्हता. त्यामुळे पळणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हते.

तिच्या गुरूंनी, म्हणजे आचार्यांनी, आयुष्यातली बारा वर्षे त्या बेटावर झोपडी बांधून काढली होती. पुढे दमा जडला, ते किनाऱ्यावरच्या बंदरात येऊन राहिले आणि वीस वर्षांत परत जाणे झाले नाही. शिष्येचे नाव शाल्मली. निघताना आचार्य तिला म्हणाले, "दिवसा तो झाडाच्या ढोलीत असतो. शोधाशोध करू नकोस. ढोलीच्या तोंडाशी तळहात ठेव. तो आपणहून वर चढेल."

शाल्मलीने सात दिवस तळहात ठेवला. एकाही ढोलीतून काही आले नाही. आठव्या दिवशी एका जुन्या झाडाच्या ढोलीत तिने हात आत घातला, तेव्हा मूठभर काहीतरी कोरडे हाती लागले. बाहेर काढून पाहिले, तर ते कुरतडलेले पाय आणि कवचांचे तुकडे होते. त्यांत काळ्या लेंड्या मिसळल्या होत्या.

तिला घेऊन आलेला नावाडी धाकू जवळच उभा होता. तो म्हणाला, "ताई, हे उंदराचं काम. इथला एक नारळ धड नाही बघा. पक्षी खाली जमिनीवर अंडी घालायचे, तेही गेले."

शाल्मलीने ते तुकडे ओंजळीत घेतले. एक संपूर्ण जात तिच्या ओंजळीत होती, आणि तिला वजनही नव्हते.

परतल्यावर तिने ती ओंजळ आचार्यांपुढे रिकामी केली. ऐंशी वर्षांच्या आचार्यांनी त्यातला एक पाय उचलून पाहिला. मग एवढेच म्हणाले, "खडकावर गेली होतीस?"

"नाही."

"उद्या मी येतो."

धाप लागत असतानाही ते होडीत बसले. दोन दिवसांनी खडक दिसू लागला. तो चाळीस हात दूर असताना त्यांनी धाकूला होडी थांबवायला सांगितली. खडकाच्या उघड्या कडेवर समुद्रपक्षी अंड्यांवर बसले होते. पिल्ले चोची उघडून ओरडत होती. वर झुडपे दाट हिरवी होती.

"जमिनीवर अंडी आहेत," शाल्मली म्हणाली. "म्हणजे इथे उंदीर नाहीत. आचार्य, म्हणजे तो इथे असू शकेल." तिने पिशवी खांद्याला अडकवली.

"धाकू, होडी वळव," आचार्य म्हणाले.

शाल्मलीला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "ज्याच्यासाठी आपण आयुष्य वेचलंत, तो उरला आहे की नाही हेसुद्धा पाहायचं नाही? हे उंदीर ज्या कुणी बेटावर आणले, त्याच्या पापाची शिक्षा आपण का भोगायची?"

"ते मी आणले," आचार्य म्हणाले.

धाकूचे वल्हे पाण्यातच थांबले.

"माझ्या ग्रंथांची पेटी गलबतातून आली होती. ग्रंथ भाताच्या पेंढ्यात बांधलेले होते. पेटी उघडली आणि आतून एक उंदरीण बाहेर पडली. भेदरलेली होती. मला दया आली. मी हसलो आणि तिच्यापुढे चिमूटभर भात ठेवला. म्हटलं, एवढ्या मोठ्या बेटावर एका जिवाला जागा नाही का? ती गाभण होती. मला ते ठाऊक नव्हतं. पण त्या बेटावर विचार करू शकणारा मी एकटाच होतो आणि मी विचार केला नाही. पुढे दोनचार उंदीर दिसले, तेही मी मनावर घेतले नाहीत. त्या किड्यावर माझ्याइतकं प्रेम कुणी केलं नसेल, शाल्मली. त्याला मारलं मीच."

शाल्मली नकळत मागे सरकली. ज्या हातांनी तिला लिहायला शिकवले होते, त्या हातांकडे तिला पाहवेना. शेवटी ती म्हणाली, "मी पिशवी ठेवते. रिकाम्या हातांनी पोहत जाते."

"तू जाशील, आणि काही बिघडणार नाही. पण तुला तो दिसला तर तू गप्प राहू शकशील का? मी राहू शकलो नसतो. मग लोक पाहायला येतील. भक्तीनेच येतील. त्यांच्याबरोबर शिदोऱ्या येतील, पेट्या येतील, एखादी होडी खडकाला बांधलेली राहील. द्वेषाने आलेल्याला आपण अडवतो. प्रेमाने आलेल्याला कोण अडवणार? त्याचं त्यानेच थांबायला हवं."

"मग तो आहे की नाही, हे आपल्याला कधी कळणारच नाही?"

"कदाचित नाही."

शाल्मलीने खडकाकडे पाहिले. एक पक्षी उठला, अंडे चोचीने फिरवून पुन्हा त्यावर बसला. तिने खांद्यावरची पिशवी उतरवली आणि धाकूला म्हणाली, "चला परत." परतीच्या वाटेवर आचार्यांना धाप लागली, तेव्हा तिने त्यांची पाठ चोळली. रागावली होती, तरीही चोळली.

आचार्य त्याच वर्षी गेले. शाल्मली बंदरावरच राहिली. बेटांकडे निघणारी प्रत्येक पेटी, प्रत्येक गाठोडे ती धक्क्यावर उघडायला लावी आणि पेंढा झटकून पाही. लोक चिडत, कुणी तिला संशयी म्हणत, कुणी वेडी. एकदा एका व्यापाऱ्याने विचारले, "बाई, ज्या किड्यासाठी हा सगळा खटाटोप, तो जिवंत तरी आहे का?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुमची ती दुसरी पेटी उघडा."