चिमाच्या वीतभर गोधड्या

फार मागची गोष्ट आहे. डोंगराच्या कडेला मोहवडी नावाचं गाव होतं. गावाच्या वर सडा होता, म्हणजे काळ्या कातळाचं मोकळं पठार. पाऊस ओसरला की तिथे इतकी फुलं येत, की कातळ दिसेनासा होई. त्या फुलांवर मधमाश्या जगत आणि मधावर मोहवडी जगे.

त्या गावात चिमा राहायची. तिचा नवरा पोळं काढताना कड्यावरून पडून गेला होता. घरात ती आणि तिची लेक बायजा. बायजाचे पाय जन्मापासून लुळे, त्यामुळे उंबऱ्यापलीकडचं तिने काही पाहिलेलं नव्हतं. चिमा सड्यावरून परत आली की ती रोज विचारी, "आये, आज वर काय फुललंय?"

चिमा फुलं खुडून आणायची, पण घाट उतरेपर्यंत ती कोमेजून जात. मग एका दुपारी तिने जुन्या लुगड्याचे तुकडे एकावर एक अंथरले, दोरा घातला आणि त्यावर तेरड्याचं फूल शिवलं. गोधडी झाली खरी, पण वीतभर. दुसऱ्या दिवशी सोनकी शिवली. सात वर्षांतून एकदाच फुलणारी कारवी फुलली त्या साली तर तिची सुई थांबलीच नाही. रंगासाठी तिने पळस उकळला, हळद कुटली, जांभळं चेचली. बायजाच्या बाजेशेजारची कुडाची भिंत फुलांनी भरून गेली. चिमाच्या टाक्यात असा जीव होता, की वारा आला की कापडाची पाकळी हलायची, असं म्हणतात.

गाव मात्र हसायचं. रावजी पाटील तर तोंडावर म्हणायचा, "चिमे, एवढ्याशा गोधडीत मांजराचं पिल्लू तरी मावंल का गं?"

"पांघरायची न्हाई ती पाटील, बघायची हाय," म्हणून चिमा पुन्हा सुई ओवायची.

एका उन्हाळ्यात वणवा लागला. सड्यावरची उन्हाळ्यात फुलणारी झुडपं कडेपासून कडेपर्यंत जळून गेली. भुकेल्या मधमाश्यांची मोहळं उठली आणि दरीवर घोंघावू लागली. त्या एकदा पलीकडच्या खोऱ्यात गेल्या की परतत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाटलाने गाव चावडीपाशी जमवलं. "माश्या निघाल्या. आता आपल्यालाबी निघायला पायजे. भांडीकुंडी बांधा," तो म्हणाला.

चिमा घरी आली आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. मनात एक आलं होतं, पण लेकीपाशी बोलायला जीभ रेटेना. त्या भिंतीशिवाय पोरीला होतं काय?

बायजानेच विचारलं, "माश्या का चालल्या गं?"

"वर फूल उरलं न्हाई, बाये."

बायजाने भिंतीकडे मान वळवली. मग तिने हात उंचावून कारवीची गोधडी उतरवली आणि आईपुढे धरली. "ही घे. समदी घे."

चिमा पाटी भरून घाट चढली. जळक्या खुंटांना तिने एकेक गोधडी बांधली, घरातला उरलासुरला मध पाण्यात कालवून त्यांवर शिंपडला. काळ्या सड्यावर पुन्हा रंग दिसला. दरीवरचं मोहळ थबकलं. एक माशी कारवीवर उतरली, मग दुसरी, आणि मग सगळं आभाळच गुणगुणत खाली आलं, असं म्हणतात. त्या दिवसापासून गावातल्या बाया गुळाचं पाणी घेऊन रोज सडा चढू लागल्या. पाटलीण सगळ्यांच्या पुढे असायची. माश्या राहिल्या. गावही राहिलं.

पुढे पावसाने गोधड्यांचे रंग धुऊन काढले. ज्या जागी जो रंग मुरला, त्या जागी त्याच रंगाचं फूल उगवलं, असं म्हणतात. गोधड्या पांढऱ्याफटक पडल्या आणि बायजाची भिंत ओकीबोकीच राहिली.

तेव्हा रावजी पाटील चिमाच्या दारात आला. फेटा काढून त्याने काखेत धरला होता. "बायजा, तुजी फुलं वर आलीत. चल, दावतो," तो म्हणाला. तीन गड्यांनी आणि पाटलाने डोली उचलली. पुढचा दांडा पाटलाच्या खांद्यावर होता, आणि मागोमाग सारं गाव चढत होतं.

सड्यावर पोचल्यावर बायजाने एक फूल नाकाशी नेलं आणि मोठ्याने ओरडली, "आये, ह्याला वास हाय गं!" चिमा हसली, रडली, आणि साऱ्या गावादेखत ताठ मानेने लेकीशेजारी बसली.

आजही सडा फुलला की मोहवडीच्या बाया वीतभर गोधड्या शिवून वाटेवरच्या झुडपांना बांधतात. ज्यांना चालवत नाही, त्यांना डोलीत बसवून आधी वर नेतात. त्यांनी डोळे भरून फुलं बघेपर्यंत गावातलं दुसरं कुणी, अगदी पाटलाच्या घरचंही, घाटात पाऊल टाकत नाही.