डिस्क सापडत नाही

संगणक एकमेकांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. एका फोटो स्टुडिओत दोन संगणक शेजारी बसत. जुना म्हणायचा, "माझी सिस्टिम नऊ वर्षांत एकदाही बंद पडली नाही." नवा म्हणायचा, "नसेल. पण तुझ्यात कुठलाही व्हायरस शिरेल. माझ्यात शिरून दाखव म्हणावं!"

दर शनिवारी मालक दिनकरकाका फोटोंची प्रत ठेवायला डिस्क जोडायचे. पण प्रत ठेवू देणं म्हणजे स्वतःवर भरवसा नसल्याची कबुलीच, असं दोघांनाही वाटे. म्हणून दोघेही पडद्यावर खोटंच लिहायचे, 'डिस्क सापडत नाही.' शेवटी काकांनी कंटाळून ती खणात टाकली.

पुढे एका दुपारी वीज पडली आणि दोघेही जळाले. आठवड्याने मंदाताई आल्या. "काका, आई गेली हो. तुम्ही काढलेला तिचा तो एकच फोटो आहे."

काकांनी शेजाऱ्याचा संगणक आणून डिस्क जोडली. ती रिकामी होती.

"माझ्यात जागा खूप होती, ताई," डिस्क हळूच म्हणाली. "ते दोघे खोटं बोलतायत, हेही मला ठाऊक होतं. म्हटलं, मोठ्यांच्या भांडणात आपण कशाला पडायचं?"