दोन हाका

एकदा एक तर्कशास्त्राचा विद्यार्थी दूरच्या गावाहून एका वृद्ध आचार्यांच्या आश्रमात राहायला आला. बुद्धी तल्लख, वाणी धारदार. वादात त्याच्यापुढे फारसे कोणी टिकत नसे. पहिल्याच सभेत त्याने सर्वांसमक्ष विचारले, "आचार्य, लहानपणी आई मला बागुलबुवाची भीती घालायची. मोठा झालो, बागुलबुवा नसतो हे कळले आणि त्याला सोडून दिले. देवही कोणी पाहिलेला नाही. मग एकाला मानणे पोरकटपणा आणि दुसऱ्याला मानणे शहाणपण, हे कसे?"

सभेत चुळबुळ झाली. आचार्य शांतपणे म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. उद्या सकाळी माझ्याबरोबर नदीवर चल."

सकाळी काठावर दोघांखेरीज कोणी नव्हते. आचार्य म्हणाले, "बागुलबुवाला हाक मार. अगदी मनापासून."

ही चेष्टा असावी असे विद्यार्थ्याला वाटले. पण आचार्यांच्या मुद्रेवर हसू नव्हते. त्याने दोन्ही हात तोंडाशी नेऊन खणखणीत हाक मारली. उथळ पाण्यातले बगळे उडाले. त्याचे त्यालाच हसू आले.

"आता देवाला हाक मार."

"पण तो नाहीच, तर..."

"बागुलबुवा तरी कुठे होता? त्याला मारलीस ना?"

विद्यार्थ्याने छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडले, आणि ते तसेच मिटले. धाकटी बहीण गोदू तापाने फणफणली होती, तेव्हा तिच्या उशाशी बसून त्याने हीच हाक मारली होती. आवाज बसेपर्यंत मारली होती. गोदू वाचली नाही. त्यानंतर ते नाव त्याच्या ओठांवर केवळ वादापुरते येत असे. तो मटकन वाळूत बसला आणि त्याचे डोळे वाहू लागले.

आचार्य शेजारी टेकले. मग म्हणाले, "बाळ, देव आहे हे मी सिद्ध केले, असे समजू नकोस. तहान लागली म्हणून समोरच्या घागरीत पाणी असतेच असे नाही. तुझी शंका अजून जिथल्या तिथे आहे. पण बागुलबुवा गेला तेव्हा तू सुटलास, आणि हा गेला तेव्हा पोरका झालास. दोघेही दिसत नाहीत, एवढ्यावरून तू त्यांना एका मापाने मोजलेस. घाई झाली ती तिथे."

विद्यार्थ्याने विचारले, "तुमच्या हाकेला कधी ओ आली?"

आचार्य पाण्याकडे पाहत राहिले. "पत्नी गेली तेव्हापासून रोज इथे येतो. ओ आली, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. कधी वाटते, आली. कधी वाटते, वारा असेल."

"मग हाक मारणे विवेकाला धरून आहे का?"

"तेच तपासता तपासता म्हातारा झालो. तूही तपास. फक्त आपली हुरहुर लपवून तपासू नकोस."

ऊन चढेपर्यंत दोघे तिथेच बसून राहिले.

ज्याची ओढ आपल्याला सोडत नाही, त्याला नाकारताना निदान आवाज तरी थोडा हळू असावा.