मोरणीची कास

नदीकाठच्या एका गावात लिंगाप्पा नावाचा गवळी राहत होता. दिवाळीच्या पाडव्याला त्या गावचे गवळी आपापल्या म्हशी सजवून मिरवत. शिंगांना रंग, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळाला मोरपिसं. ज्याची म्हैस देखणी, त्याच्या डोक्याला मानाचा फेटा. लिंगाप्पाचा सगळा जीव त्या फेट्यात अडकला होता.

त्याच्याकडे मोरणी नावाची वगार होती, म्हणजे अजून न व्यालेली कोवळी म्हैस. हिलाच मिरवायचं असं त्यानं ठरवलं आणि तिला नुसता खाऊ घालत सुटला. भिजवलेली सरकी, शेंगदाण्याची पेंड, वर गुळाचे खडे. मोरणी घागरीसारखी गोल झाली.

त्याची बायको काशव्वा गवळ्याचीच लेक. ती म्हणाली, "अहो, वाढीच्या वयात वगारीवर इतकी चरबी चढवू नये. दूध जिथं तयार व्हायचं, तिथं चरबी बसते. उपाशी ठेवू नका, पण बेतानं घाला."

"तुझ्या माहेरच्या म्हशींची हाडं लांबून मोजता यायची," लिंगाप्पा म्हणाला. "मला शिकवू नकोस."

पाडवा आला आणि फेटा लिंगाप्पालाच मिळाला. आता काय विचारता, त्याचे पाय जमिनीला लागेनात. मोरणीचा खुराक आणखी वाढला.

पुढं मोरणी गाभण राहिली. त्याच सुमारास लिंगाप्पाच्या सुनेला, गिरिजाला, दिवस गेले. त्या घरात आधी पुरुष जेवायचे, मग सासू, आणि उरलंसुरलं सुनेचं. कधी अर्धी भाकरी, कधी नुसती तळाची आमटी. गिरिजा कधी कुरकुरली नाही, म्हणून तिची भूक कुणाच्या ध्यानात आली नाही. एकदा काशव्वानं तिच्यासाठी डिंकाचा लाडू बाजूला काढून ठेवला. लिंगाप्पानं तो उचलला. "पोटुशीनं जास्त खाल्लं की पोर मोठं होतं आणि बाळंतपण अडतं," असं म्हणून त्यानं लाडू मोरणीला भरवला. गिरिजा दारातच उभी होती. ती आत वळली.

दिवस भरले. गिरिजाला मुलगी झाली आणि लगोलग मोरणीही व्याली. लिंगाप्पा दुधाचं भांडं, कासंडी, घेऊन मोठ्या आशेनं धारेला बसला. कास केवढी तरी मोठी होती, पण धार निघाली सुतासारखी. कासंडीचा तळसुद्धा नीट झाकला नाही. धार काढली की चांगली कास रिकाम्या पिशवीसारखी लोंबते. मोरणीची कास होती तशीच राहिली. त्यानं दाबून पाहिली, तर आत सगळी चरबी. निघालं तेवढं दूध तिच्या रेडकालाही पुरेना.

घरात वेगळी तऱ्हा नव्हती. गिरिजाच्या अंगावर दूधच येईना. बाळ आधी मोठ्यानं रडायचं, मग नुसतं कण्हायला लागलं. नात हातची जाणार, असं लिंगाप्पाला वाटलं आणि त्याच्या काळजाचं पाणी झालं.

पलीकडच्या आळीत भागव्वा नावाची विधवा गवळण होती. तिच्या सडपातळ म्हशीला लिंगाप्पा आजवर सांगाडा म्हणून चिडवत आला होता. आज तोच तिच्या दारात रिकामी कासंडी घेऊन उभा राहिला. गवळ्यानं दुसऱ्याच्या दारी दूध मागावं, यासारखी नामुष्की नाही. भागव्वानं कासंडी काठोकाठ भरली.

"भाऊ, हे बाळाला नको, बाळाच्या आईला द्या," ती म्हणाली. "पोरीचं दूध तिच्या आईच्या अंगात उतरायला हवं. आईला पोटभर जेवू घाला आणि बाळाला सारखं छातीशी धरू द्या."

त्या दिवशी त्या घरात पहिलं ताट सुनेचं वाढलं गेलं, आणि ते लिंगाप्पानं वाढलं. ताटात तूप लावलेली भाकरी, डाळ, मेथीची भाजी, शेजारी दुधाचा पेला. गिरिजा बसेना. "मामा, तुमची जेवणं व्हायची आहेत अजून."

"जेव, पोरी," लिंगाप्पा म्हणाला. "तुझ्या तोंडचा घास मी म्हशीला घातला." आणि तो लहान मुलासारखा रडला.

हळूहळू गिरिजाला दूध उतरलं. बाळाचं रडणं पुन्हा घरभर ऐकू येऊ लागलं. मोरणीचं मात्र काही सुधारलं नाही. लिंगाप्पानं चारा बदलला, पेंड कमी केली, पण व्यर्थ. काशव्वा एवढंच म्हणाली, "कास घडायचं वय निघून गेलं. आता अमृत पाजलं तरी काय होणार?"

पुढच्या पाडव्याला मोरणी गोठ्यातच राहिली. लोकांनी लिंगाप्पाला विचारलं, "गेल्या खेपेचा फेटा कुठाय? डोकं उघडंच?"

"नातीची झोळी केली त्याची," लिंगाप्पा म्हणाला, आणि सुनेचं जेवण झालं का ते पाहायला घरी गेला.

तात्पर्य: पोसावं ते जिवासाठी, मिरवण्यासाठी नव्हे. वाढत्या वगारीला बेतानं आणि पोटुशीला पोटभर, ज्याला जेव्हा हवं तेव्हाच घालावं. वेळ टळली की काही चुका निस्तरता येतात, काही नाहीत.