जबाबदारी कुणाची?

चुरमुऱ्यांची भट्टी चालवणाऱ्या अनसूयाबाई लाकूड फोडायचं जुनं यंत्र घ्यायला वखारीत गेल्या. वखारवाले भाऊसाहेब ऐटीत म्हणाले, "यंत्र गाईसारखं गरीब आहे! फक्त या कागदावर सही करा. हाताला इजा झाली, तर जबाबदारी यंत्र घेणाऱ्याची."

पात्यावर हात वाचवणारी जाळीच नाही, हे बाईंनी केव्हाच हेरलं होतं. तरी त्यांनी हसत सही ठोकली.

"आता एक ओंडका तुम्हीच फोडून दाखवा, भाऊसाहेब. इजा झालीच, तर जबाबदारी माझी!"

भाऊसाहेबांनी हात पाठीमागे लपवले. "अहो, पण हात माझा जाईल ना!"

"मग तुमच्या कागदाने माझा परत उगवणार होता का?"

वखारीत हशा पिकला. भाऊसाहेबही ओशाळून हसले, त्यांनी कागद फाडला आणि नवी जाळी बसवूनच यंत्र दिलं.