तीन कपारींचा आवाज

डोंगरांना वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. एका कड्याला तीन कपारी होत्या. अमावास्येला कुणी पीस वाहिलं, कुणी केस वाहिला, की ती कपार महिनाभर त्याच्या प्रश्नांना उत्तरं देई. मात्र त्याच्या वाट्याचा आवाज संपला की गप्प. बाकीची जनावरं एकाच कपारीवर भागवत. साळिंदर साळूबाई मात्र तिन्हींना आपले काटे वाही.

मग तिला धास्ती लागली. ऐन वेळी आवाज संपला तर? रोज सकाळ-संध्याकाळ ती प्रत्येक कपारीत तोंड घालून विचारू लागली, "किती उरलाय?"

"पुष्कळ," कपारी म्हणत.

"साळूबाई, तुम्हाला विचारायचंय तरी काय?" कासवानं एकदा विचारलं.

"वेळ आली की विचारीन. तोवर लक्ष नको ठेवायला?"

पुढे कपारी "थोडा" म्हणू लागल्या, तीही कुजबुजत. साळूबाईच्या फेऱ्या वाढल्या.

एका दुपारी तिचं पिल्लू दिसेना. सारं रान पालथं घालून ती कड्याशी धावली. "माझं पिल्लू कुठंय?"

पहिली कपार गप्प. दुसरीही गप्प. "किती उरलाय" याचं उत्तर देता देताच त्यांचा आवाज सरला होता. तिसरीच्या पोटात मात्र अजून काहीतरी घुमत होतं.

"सकाळी तू इथं वाकून मला विचारत होतीस ना," ती अगदी हळू म्हणाली, "तेव्हा ते तुझ्या मागेच उभं होतं. तुला हाका मारत होतं. मग त्याच्या मागून..."

आणि आवाज संपला.